फाशांचं क्रिकेट: खरं वाटावं आणि वेळेत संपावं, यासाठी काय करायचं

माझ्या टेबल-क्रिकेटच्या पहिल्या आवृत्तीत एका चेंडूसाठी सात वेळा फासे टाकावे लागत. टप्पा, दिशा, फटका, टायमिंग, चेंडू कुठे गेला, तिथे कोण उभा आहे, आणि मग निकाल. मी क्लबच्या सामन्यांना बरीच वर्षं स्कोअरर म्हणून बसते. एका चेंडूत काय काय घडतं ते डोळ्यांसमोर असतं, आणि त्यातलं काहीच सोडायला मन तयार नव्हतं. भाचीला घेऊन खेळायला बसले. चौथ्या षटकात ती म्हणाली, "मावशी, आउट आहे की नाही तेवढं सांग ना." मी तेव्हा पाचव्या तक्त्यात मिडविकेटचा रकाना शोधत होते.

तिचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण स्कोअरबुकात मी स्वतः टप्पा लिहीत नाही. एक टिंब, एक आकडा किंवा बादची खूण, बस. तरी वर्षभरानं ते पान उघडलं की सामना आठवतो. सलग नऊ टिंबं दिसली की कळतं, इथे फलंदाज अडकला होता आणि पुढच्या चेंडूवर तो पुढे सरसावून मारणार होता.

तेव्हापासून खेळ बनवताना मी दोनच गोष्टी बघते. संपलेला धावफलक पाहून 'असा सामना होऊ शकतो' असं वाटलं पाहिजे. आणि मैदानावर कर्णधाराला जी काळजी असते, तीच टेबलावर बसलेल्याला असली पाहिजे. एखादा तपशील यातल्या कशाच्याच उपयोगी पडत नसेल तर तो कितीही खरा असला तरी काढायचा.

आधी घड्याळ

नियम लिहिण्याआधी वेळ ठरवा. टी-२० सामन्यात दोन्ही डाव मिळून २४० चेंडू. एका चेंडूला १५ सेकंद लागले तर सामना तासाभरात होतो. माझ्या सात फेकींना सव्वा मिनिट लागायचं, म्हणजे पाच तास. एकदिवसीय सामन्याचे ६०० चेंडू १५ सेकंदांच्या हिशेबानं अडीच तासांत होतात, सुट्टीच्या दुपारी जमतं. कसोटीत दिवसाला ९० षटकं. पाच दिवसांचे २७०० चेंडू याच वेगानं सव्वाअकरा तास खातात. म्हणून कसोटी चेंडू-चेंडूनं खेळायची नाही, एका फेकीला एक षटक धरायचं. ४५० फेकी दोन तासांच्या आत होतात.

हे गणित कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नवा नियम सुचला की तो प्रत्येक चेंडूला लागणार, प्रत्येक षटकाला की सामन्यात एकदाच, ते त्यासमोर मांडा. पाच सेकंदांचा नियम प्रत्येक चेंडूला लागला तर टी-२० सामना २० मिनिटांनी लांबतो. तोच नियम नाणेफेकीच्या वेळी एकदा लागला तर कुणाला जाणवतही नाही. खेळपट्टी आणि हवामान मी अशीच सामन्याआधी एका फेकीत उरकते.

आणि खेळणारा कोणाच्या खुर्चीत बसला आहे ते ठरवा. माझ्या खेळात तो कर्णधार आहे. कर्णधार गोलंदाज बदलतो, क्षेत्ररचना लावतो, फलंदाजाला 'आता मार' असा निरोप पाठवतो. यॉर्कर नीट पडेल की फुलटॉस होईल हे त्याच्या हातात नसतं, म्हणून ते फाशांवर सोडायचं.

लाल फासा, पांढरा फासा

दोन फाशांची बेरीज करू नका. एक लाल, एक पांढरा घ्या. लाल फासा दशकाचा, पांढरा एककाचा. लाल ४, पांढरा २ म्हणजे ४२. अशी ११ ते ६६ पर्यंत ३६ घरं मिळतात आणि प्रत्येक घर येण्याची शक्यता सारखी असते. ही रीत जुनी आहे. १९५१ साली आलेला एपीबीए हा बेसबॉलचा खेळ याच पद्धतीवर चालतो आणि आजही खेळला जातो.

माझा टी-२० चा मूळ तक्ता असा आहे. लाल १ आला की सावध व्हायचं: ११ म्हणजे बाद, १२ म्हणजे शंका, १३ आणि १४ ला दोन धावा, १५ आणि १६ ला एक. लाल २ किंवा ३, निर्धाव. लाल ४ किंवा ५, एक धाव. लाल ६, सीमापार: ६१ ते ६४ चौकार, ६५ आणि ६६ षटकार. शंका आली तर एक फासा पुन्हा टाकायचा. १ ते ५ आला तर बाद, ६ आला तर फलंदाज वाचला.

बेरीज करून बघा. ३६ घरांत ४६ धावा आहेत, म्हणजे १२० चेंडूंना साधारण १५३. बादची शक्यता ३६ मध्ये १ आणि वर पाच षष्ठांश, म्हणजे डावात सहा विकेट. टी-२० चा नेहमीचा डाव असाच दिसतो. वाइडसाठी मी २१ हे घर दिलं आहे. तो चेंडू पुन्हा टाकायचा. लेग बाय वगैरे मी धरत नाही.

या तक्त्यात माझं सगळ्यात आवडतं काम लाल फाशाचं आहे. दोन्ही फासे एकदम टाकले तरी नजर आधी लालवर जाते. लाल चार दिसला की हात स्कोअरबुककडे जातो, पांढरा बघायचीही गरज नसते. लाल एक दिसला की टेबलावरची बोलणी थांबतात आणि सगळे पांढऱ्याकडे बघतात. मैदानावर चेंडू हवेत उंच उडाला की जो क्षण असतो, तो इथे मिळतो, आणि त्यासाठी एकही जादा फेक लागत नाही. घरं विस्कळीत ठेवली असती, म्हणजे २३ ला बाद, ४१ ला चौकार, ५४ ला निर्धाव, तरी आकडे तेच आले असते. पण प्रत्येक चेंडूला कागद बघावा लागला असता. भाचीला हा तक्ता दुसऱ्या डावात पाठ झाला होता.

दुसरी फेक फक्त शंकेच्या घराला. ३६ घरांत १/३६ पेक्षा बारीक शक्यता बसत नाही. बारीक हवी असेल तर तेवढ्या एका घरावर दुसरा फासा टाकला की एकदम २१६ भाग होतात. बाकी ३५ घरं एका फेकीत निघून जातात. हे तंत्र नीट हातात आलं की अर्धं काम झालं.

खेळाडू खरे कसे करायचे

आता नावं. सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यांत ४६३ सामने खेळला, १८,४२६ धावा, सरासरी (एकदा बाद होण्यामागे धावा) ४४.८३, स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) ८६.२३. सरासरीला स्ट्राइक रेटनं भागून १०० नं गुणलं की तो किती चेंडूंनी एकदा बाद होतो ते मिळतं: ५२. २१६ भागांपैकी जवळजवळ ४. ज्या फलंदाजाची सरासरी आणि स्ट्राइक रेट ठाऊक आहे, त्याचं कार्ड या एका भागाकारानं सुरू करता येतं.

इथेच एक चूक सगळे करतात, मीही केली होती. सचिनच्या कार्डावर ४ लिहायचे आणि समोर चांगला गोलंदाज आला की त्यात आणखी भर घालायची. पण सचिनच्या त्या आकड्यात वासिम अक्रम आणि ग्लेन मॅकग्रा आधीच आलेले असतात. गोलंदाजाचा हिशेब दोनदा होतो आणि चांगले फलंदाज कवडीमोल वाटू लागतात.

यावरचं उत्तर बेसबॉलवाल्यांनी साठ वर्षांपूर्वी शोधलं. १९६१ साली हॅल रिचमन यांनी स्ट्रॅट-ओ-मॅटिक काढला. त्यात आणखी एक फासा असतो: १ ते ३ आला तर फलंदाजाचं कार्ड वाचायचं, ४ ते ६ आला तर गोलंदाजाचं. म्हणजे अर्धे चेंडू याच्या हातात, अर्धे त्याच्या. क्रिकेटमध्ये हे जसंच्या तसं चालतं. तिसरा फासा काळा घ्या आणि तिन्ही एकदम टाका.

पण मग कार्डावर खरा आकडा लिहून चालत नाही, कारण अर्ध्या वेळा समोरच्याचं कार्ड वाचलं जाणार. सूत्र असं: २१६ पैकीच्या खऱ्या आकड्याची दुप्पट करायची आणि त्यातून सरासरी खेळाडूचा आकडा वजा करायचा. माझ्या एकदिवसीय खेळात सरासरी फलंदाज ३६ चेंडूंना बाद होतो, म्हणजे २१६ पैकी ६. सचिनचे खरे ४. दुप्पट ८, वजा ६, उरले २. सचिनच्या कार्डावर बादचं पक्कं घर एकही नाही. ११ हे शंकेचं घर, आणि दुसऱ्या फेकीत १ किंवा २ आला तरच बाद. सरासरी गोलंदाजासमोर २ आणि ६ यांची सरासरी ४. त्याचा खरा आकडा परत आला.

आता २७ चेंडूंना एक विकेट घेणारा गोलंदाज. २१६ पैकी ८, दुप्पट १६, वजा ६, कार्डावर १०. एक पक्कं घर, आणि एक शंकेचं घर ज्यात १ ते ४ ला बाद. तो सचिनसमोर आला की २ आणि १० ची सरासरी ६. उत्तम गोलंदाज आणि उत्तम फलंदाज समोरासमोर आले की सामना बरोबरीचा होतो. असं व्हावं म्हणून वेगळा नियम लिहावा लागला नाही. मी हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, आणि मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं.

हे सूत्र एका माणसापाशी मोडतं. डॉन ब्रॅडमन. ५२ कसोटी, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. इतर चांगल्या फलंदाजांपेक्षा तो जवळपास दुप्पट वरचढ. मग सामान्य फलंदाजाच्या तुलनेत त्याचा आकडा इतका खाली येतो की दुप्पट करून वजाबाकी केल्यावर शून्याच्या खाली जातो. त्याच्या कार्डावर बादचं एकही घर नाही, तरी तो गोलंदाजाच्या कार्डावर प्रमाणाबाहेर बाद होतो. यासाठी मी त्याच्या कार्डावर एक चांदणी काढली आहे: गोलंदाजाच्या कार्डावर बाद आला तरी ब्रॅडमनला एक फासा जादा, आणि ४ ते ६ आला तर तो खेळतच राहतो. एका माणसासाठी एक अपवाद मला चालतो. अकरा माणसांसाठी अकरा अपवाद मी कधीच लिहिणार नाही.

'अधिक एक' लावण्याआधी

फाशांची बेरीज करणाऱ्या खेळांत 'घरच्या मैदानावर अधिक १', 'थकलेला असेल तर उणे १' असे नियम फार दिसतात. लिहायला सोपे, पण त्यांचं वजन दर ठिकाणी वेगळं पडतं. दोन फाशांच्या बेरजेत १२ येण्याची शक्यता ३६ मध्ये १. अधिक १ दिला की ११ वरही काम होतं, म्हणजे ३६ मध्ये ३. तिप्पट. तेच ७ किंवा जास्त हवे असतील तर २१ चे २६ होतात, पावपटीनंही वाढ नाही. दुर्मीळ गोष्टी एकदम स्वस्त होतात आणि नेहमीच्या गोष्टी जागच्या हलत नाहीत. तळाचा फलंदाज षटकारांचा पाऊस पाडतो तो यामुळे.

बेरीज-वजाबाकीऐवजी रकाना बदला, किंवा दोन-चार घरांचा अर्थ बदला. 'फटकेबाजी' ठरली की माझ्या टी-२० तक्त्यात २२ ला बाद, ३४ आणि ३५ ला चौकार, ३६ ला षटकार. बाकी सगळं तसंच. षटकाला १० धावा होतात आणि तेरा चेंडूंना एक गडी पडतो. 'जपून' ठरलं की शंकेचं घर निर्धाव होतं आणि ६४, ६५, ६६ ला एकेकच धाव. षटकाला साडेपाच धावा, ३६ चेंडूंना एक विकेट. चार घरं लक्षात ठेवायची, आणि डाव पूर्ण वेगळा दिसतो.

गोलंदाजाचा थकवा मोजायला मी आधी गुण ठेवत असे. आता नाही. एकाच टोकाकडून न थांबता तीन षटकं टाकून झाली की कार्ड आडवं करायचं. आडव्या कार्डाच्या कडेला थकलेल्या गोलंदाजाचा रकाना छापलेला असतो. तीन षटकं विश्रांती झाली की कार्ड पुन्हा उभं. आडवं कार्ड टेबलाच्या पलीकडूनही दिसतं, आणि समोरचा खेळाडू लगेच फटकेबाजीचा विचार करू लागतो.

निर्णय षटकाला एकदा

प्रत्येक चेंडूला काही ना काही ठरवायला लावलं तर खेळणारा पाचव्या षटकापासून नुसता मान डोलावतो. माझ्याकडे षटकाच्या सुरुवातीला तीनच गोष्टी ठरतात: गोलंदाज कोण, क्षेत्ररचना कशी, फलंदाजांचा पवित्रा कोणता. गोलंदाज उघड सांगायचा. क्षेत्ररचना आणि पवित्रा यांच्या चिठ्ठ्या दोघांनी पालथ्या ठेवायच्या आणि एकदम उलटायच्या.

आक्रमक रचना लावली तर शंकेचं घर पक्कं बाद होतं, पण १५ आणि १६ ला रिकाम्या जागेतून चौकार जातात. बचावात्मक रचनेत ६१ आणि ६२ चे चौकार अडतात, एकच धाव मिळते, पण ५१ आणि ५२ च्या एकेरी धावा सहज निघून दुहेरी होतात. जपून खेळणाऱ्यासमोर आक्रमक रचना लावली असेल तर फलंदाजाची चिठ्ठी आधी लागू होते. इथे वाद होणार हे धरून तो नियम ठळक छापा.

क्रिकेटचे स्वतःचे नियम हे निर्णयांचं आयतं भांडार आहे. टी-२० मध्ये गोलंदाजाला चारच षटकं मिळतात. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात, म्हणून माझ्या खेळात तेव्हा बचावात्मक चिठ्ठी बंद. हे दोन नियम पाळायला एक सेकंद लागत नाही आणि सगळा डाव त्यांच्याभोवती फिरतो.

एकदा भाचीला शेवटच्या षटकात नऊ धावा वाचवायच्या होत्या. तिच्या उत्तम गोलंदाजाची चार षटकं अठराव्या षटकातच संपली होती. तिनं उरलेली तीन कार्डं एका ओळीत मांडली आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसली. १५ सेकंदांचा हिशेब तेव्हा कुणालाच आठवला नाही, आणि आठवायचंही कारण नव्हतं. आधीचे ११४ चेंडू भराभर गेले होते म्हणून या एका जागी थांबणं परवडत होतं. शेवटी तिनं फिरकीवाला दिला, आक्रमक चिठ्ठी ठेवली. मी फटकेबाजी ठेवली होती. तिसऱ्या चेंडूला लाल एक, पांढरा दोन. ती खुर्चीवरून उठली, कारण आक्रमक रचनेत १२ ला दुसरी फेक नसते हे तिला पाठ होतं.

तपासणी

पहिला सामना वाईट गेला म्हणून तक्ता बदलू नका. डावात सरासरी सहा विकेट पडणार असतील तर एखाद्या डावात तीन पडणं आणि एखाद्यात नऊ पडणं, दोन्ही अगदी स्वाभाविक आहे. निदान २० डाव एकट्यानं टाका, वहीत मांडा, मग सरासरी काढा. सहाच्या जागी साडेपाच किंवा साडेसहा आली तर हात लावायचा नाही. आठ आली तर तक्त्यात चूक आहे.

सरासरी जुळली की मग वेगळ्या नजरेनं वही वाचा. असं काही झालं का, जे मैदानावर होणारच नाही? टी-२० मध्ये अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाचं शतक, एकाच गोलंदाजाची सलग दोन षटकं. अशी गोष्ट एकदा घडली तरी खेळणाऱ्याचा विश्वास उडतो, मग बाकीचे आकडे कितीही बरोबर असोत. आणि याच्या उलटही विचारा: दुर्मीळ गोष्टीला वाट ठेवली आहे का? कसोटीच्या एका डावात दहाही गडी एकाच गोलंदाजानं बाद केल्याचं तीनदा घडलं आहे: १९५६ साली जिम लेकर, १९९९ साली अनिल कुंबळे, २०२१ साली एजाझ पटेल. 'एका गोलंदाजाला जास्तीत जास्त सहा विकेट' असा नियम काही जण तोल राखण्यासाठी घालतात. तो घालू नका. तुमच्या टेबलावर ते बहुधा कधीच होणार नाही, पण सात विकेट झाल्यावर आठवीच्या फेकीला श्वास रोखला गेला पाहिजे.

यानंतर खेळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि तुम्ही बोलू नका. मी वही घेऊन शेजारी बसते आणि दोनच खुणा करते: नियमांचं पान उलटलं की रेघ, कुणी 'आता काय करायचं?' असं विचारलं की गोल. ज्या नियमापाशी तीन रेघा होतात, तो नियम एक तर कार्डावर छापून टाकते किंवा काढून टाकते. धावबादचा वेगळा तक्ता असाच गेला. त्यावर मी आठवडाभर मेहनत घेतली होती. आता १३ आणि १४ ला दोन धावांऐवजी तिसरी घ्यायची का, हे फलंदाजी करणारा विचारतो आणि हवी असेल तर एक फासा टाकतो; १ आला की धावबाद.

क्रिकेट सोडून दुसरा खेळ करायचा असेल तर पहिलं काम तेच: त्या खेळाची एक 'फेक' केवढी, ते ठरवायचं. फुटबॉलमध्ये चेंडू-चेंडू नसतं. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, सामन्याला साधारण २.७. मी ९० मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे अठरा तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याला एक फेक. ३६ पैकी पाच घरं गोलाची ठेवली की सामन्याला अडीच गोल होतात, सहा ठेवली की तीन. मी पाच पक्की ठेवते आणि सहावं शंकेचं, त्यात १ ते ३ ला गोल. दर तीन तुकड्यांनी दोघांनी चिठ्ठ्या ठेवायच्या: पुढे रेटायचं की मागे थांबायचं. पुढे रेटलं की गोलाची घरं दोघांचीही वाढतात. एका गोलानं मागे असलेला संघ ७५ व्या मिनिटाला काय करतो ते बघा, आणि तिथून पुढचे नियम लिहायला घ्या.